तिसरा उंदीर

बरणी आली वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधलेली,
एका बाईने दुसरीकडे लोणचं धाडावं तशी.
तळाशी वांग्याच्या चार फोडी, लसणाची पाकळी,
शेपूचा काळवंडलेला तुरा.
झाकण सपाट.
फुगलं असतं तर बरं झालं असतं,
पण सगळीच विषं वर्दी देऊन येत नाहीत.

कुताइसीत नोव्हेंबर लागला की
हॉस्पिटलातून फोन यायला लागतात.
या खेपेला जुंबेर, वय एकसष्ट, क्रेन चालवायचा.
आधी त्याला छताला दोन दिवे दिसले,
मग टेबलाच्या टोकाला दोन नाझिब्रोला.
(एकच पुरे होती, म्हणाला म्हणे. पाहुणे हसले.)
मग पापण्या उतरल्या, दुकानाच्या शटरसारख्या,
आणि पेला उंचावून तो उभा राहिला तेव्हा
शब्दही घशाशी अडले, वाइनही.

ताप नाही. शुद्ध पूर्ण.
आत माणूस टक्क जागा असतो
आणि बाहेरून कुणीतरी
घराची एकेक खिडकी लावत जातं.

प्रतिविष त्याला रात्रीच दिलं,
डॉक्टर माझ्या उत्तरासाठी थांबत नाहीत.
तरी उत्तर लागतंच.
मी फोडी कुस्करते, गाळते,
निवळ तीन नळ्यांत ओतते:
एक तशीच, एकीत प्रतिविष,
एक उकळत्या पाण्यात, दहा मिनिटं, घड्याळ लावून.
मग तीन पांढरे उंदीर.
खरे सहा, जोडीजोडीने,
पण मनात मी तीनच धरते.

नवं यंत्र येणार, असं बावीस वर्षं ऐकतेय.
तोवर या विषाची ओळख उंदराच्या कमरेवरून.
पहिल्याची कंबर पहाटेपर्यंत आत गेली,
गांधीलमाशीसारखी,
श्वास पोटातून ओढून ओढून.
सव्वानऊ, मी वहीत लिहिलं.
दुसरा जगला, म्हणजे नाव कळलं.

तिसरा दाणे खात होता.
मिशा पुसत होता.
तीच बरणी, तेच वांगं,
फक्त दहा मिनिटांची उकळी.

बीजाणू त्या उकळीला भीक घालत नाहीत.
मातीतून येतात, तेलाखाली दडून बसतात,
हवा नसेल तिथेच त्यांचं फावतं.
पण त्यांनी केलेलं विष नाजूक,
चुलीशी उभं राहत नाही.
(सगळ्यांचं असं नसतं. केकच्या क्रीममधलं ते दुसरं
कितीही तापवा, तसंच.
म्हणून मी कुणाला सरसकट सल्ला देत नाही.)

नाझिब्रोला जिन्यात बसली होती, ओला रुमाल डोक्यावर.
माझ्याच बरणीत होतं?
हो.
मीठ कमी पडलं?
व्हिनेगर, म्हटलं मी. तेही खरंच होतं.
मग ती भिंतीकडे बघत म्हणाली,
गरम करणारच होते मी, पातेलंही काढलं होतं,
हाच म्हणाला, थंडच आण, लोक खोळंबलेत.

तिसऱ्या उंदराचं मी बोलले नाही.

पाचव्या आठवड्यात जुंबेरच्या गळ्यातली नळी निघाली.
डावी पापणी अजून अर्ध्यावर.
नाझिब्रोला आली, आणि ओशाळून विचारलं,
बरणी परत मिळेल का? सासूची आहे.

नियमात बसत नव्हतं.
वाफेच्या दाबाखाली, एकशे एकवीस अंशांवर
मी तिला दोनदा घातलं,
बीजाणूसुद्धा उरणार नाहीत इतकं.
काच निघाली लखलखीत, बिनवासाची.

आता ती माझ्या ओट्यावर आहे.
रिकामं भांडं परत करू नये, आई सांगायची,
आणि मी कपाटातले डबे
उघडतेय, झाकतेय.