निशाणी बांगडी

कऱ्हाडच्या कचेरीबाहेर पिंपरणीखाली माझी बैठक:
एक घोंगडी, दौत, टाक, वाळूची डबी.
कुणब्याची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा,
सुताराची वाकस.
बाई कुठलीही असो, बांगडी.
मी काढायची, तिनं टाकाला बोट लावायचं.
बोट लागलं की कायदा झाला.

शके अठराशे अडतीस, मार्गशीर्ष.
मसूरचे जगदाळे आले.
दीर पुढं, त्याच्या जोड्याच्या आवाजामागं ती.
मी लिहिलं: गोजराबाई कोम म्हातारबा.
कोमच्या पलीकडचा माणूस
प्लेगात माळावरच्या झोपडीत गेलेला,
तरी तिचं नाव त्याच्या खांद्याला टेकवल्याशिवाय
कागद उभा राहत नाही.

मजकूर नेहमीचाच.
लवणातले पावणेदोन एकर, विहिरीची चौथी पाळी,
यावरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडला.
(राजीखुशीने हा शब्द
मी मजकूर ऐकण्याआधीच लिहून ठेवतो.)
बदल्यात सालीना तीन मण जोंधळा, एक लुगडं,
नेकीने वागेल तोवर.

'नेकी मोजणार कोण?' ती म्हणाली.
'लिवा तुम्ही,' दीर म्हणाला.

बांगडी काढायला मी टाक टेकवला
तशी तिनं पदराखालचा हात बाहेर घेतला.
मनगट मोकळं. काच रुतल्याचा एक पांढरा वण.
'ही कुठनं आणताय?
माझी तर ह्याच्या आईनं ओढ्याच्या दगडावर ठेचली.
तवा म्हणाली, आता तुजं हितं काय न्हाई.
काय न्हाई,
तर सोडू काय?'

साक्षीदाराची सुपारी तोंडातच राहिली.

'नांगर काढा,' ती म्हणाली.
'साथीच्या साली लवणात तिफण मी धरली.
बैल ह्याचा होता. कासरा माझ्या हातात.'
बाईला नांगर निघत नाही, मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणता कलम आठवू लागलो.
स्टँपचा कायदा, नोंदणीचा, वारशाचा,
बांगडी कुठंच सापडेना.
ती आमच्या टाकातच होती,
वडलांच्या टाकात, त्यांच्या वडलांच्या बोरूत.

मग टाक तिनंच घेतला.
खुरपं धरतात तसा, मुठीत.
एक रेघ वाकवत नेली, अर्ध्यावर सोडून दिली.
'फुटकी हाय,' म्हणाली. 'जशी हाय तशी.'

आत सब-रजिस्ट्रारांनी कागद खिडकीकडं धरला.
'हा काय, विळा?'
मग विचारलं, 'बाई, वाचून दाखवलं? कबूल आहे?'
विचारायचा नियमच आहे तसा.
वीस वर्षांत मी त्याला
दिराचं, भावाचं, व्याह्याचं उत्तर ऐकलं होतं.
'न्हाई,' ती म्हणाली,
इतक्या हळू की शिपायाला वाटलं खोकली.

दीर स्टँपचे पैसे माझ्याकडं मागत राहिला.
मी दिले नाहीत, एवढीच माझी बहादुरी.
ती गाडीत चढली नाही.
मसूरच्या वाटेला लागली, पायी, 
उन्हं कलली होती.

पुढचं मला नीट ठाऊक नाही.
कुणी म्हणे दावा लागला, नेकीवरच बोट ठेवलं.
कुणी म्हणे विहिरीची पाळी तोडली,
तरी माघात लवणात हरभरा होता,
आणि राखायला कोण बसलं होतं म्हणाल, तर तीच.

दुसऱ्या दिवशी मी तीन बांगड्या काढल्या.
तिघींनी टाकाला बोट लावलं. बारा आणे सुटले.
तिसरीचं वर्तुळ मिटवताना हात अडला.
काय झालं, तिच्या भावानं विचारलं.
शाई संपली, म्हणालो.

संपली नव्हती.