अर्ध्या दाढीवर

अकरा वाजून सात मिनिटांनी ट्रेलर येणार होता.
सातच का, तर निर्मातीणबाईंच्या ज्योतिषाने सांगितलं म्हणून.
मी तेव्हा भांडुपला, प्रल्हाद पंडितच्या खुर्चीत,
मान मागे टाकून,
एका गालावर फेस, दुसरा नुकताच मोकळा.

"दोन मिनिटं हां साहेब," प्रल्हाद म्हणाला,
आणि वस्तरा माझ्या गळ्यापासून चार बोटांवर
हवेतच राहिला.

फोन मागच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवलेला.
मला तो दिसणार आरशात, म्हणजे उलटा:
नाव उजवीकडून उमटलं,
नायक डावखुरा झाला,
वरळीचा समुद्र पूर्वेला गेला.

दोन मिनिटं एकोणीस सेकंद.
हे मी न बघता सांगू शकतो.
सोळा रात्री मीच कापलंय ते, आरामनगरच्या एका खोलीत,
जिथे एसीचं पाणी बादलीत टपकतं
आणि पहाटे चारला कळेनासं होतं
कुठला ठोका ढोलाचा, कुठला बादलीचा.

संपलं तेव्हा कुणी काही बोललं नाही.
मग याकूबभाईंनी मांडीवर थाप मारली.
"पुन्हा लाव."

तिसऱ्या खेपेला निनादने थांबवलं. एक मिनिट चार.
निनाद बारावीला दुसऱ्यांदा बसतोय,
पण नजर अशी की चित्राच्या पोटातलं चित्र काढील.
"अंगठी बघा. ह्या हरामखोराच्या बोटात तीच,
जी सुरुवातीला आईच्या हातात.
भाऊ आहे तो. हरवलेला."

अंगठी त्या नटाची स्वतःची. साडेसातीची.
काढायची राहिली, एवढंच.
आईची वेगळी, दादरच्या फुटपाथवरची, चाळीस रुपयांची.
पण माझ्या ओठांवर फेस होता.

"और वो सीढ़ीवाली?" रामअवधने विचारलं.
इस्त्रीचे कपडे द्यायला आलेला, गठ्ठा अजून खांद्यावर.
"पलटी क्यों?"

याकूबभाई म्हणाले, निरोप घेतेय.
निनाद म्हणाला, पुढच्या भागाची सोय.
प्रल्हादने वस्तरा टॉवेलला पुसला, उगाच, दोनदा.
"हाक आलीय तिला," तो म्हणाला. "आणि मागे कोणी नाहीये.
आमची कुंदा अशीच वळायची जिन्यात."
कोण कुंदा, कुणी विचारलं नाही.

ती मुलगी उल्हासनगरहून एका दिवसासाठी आली होती.
चहावाल्याच्या हातून किटली पडली, म्हणून वळली;
कॅमेरा बंद करायचा राहून गेला.
सिनेमात ती नाहीच.
मला दीड सेकंद कमी पडत होतं,
ढोलाला श्वास घ्यायला जागा हवी होती,
तिथे तिला बसवली.

सिनेमा मी पाहिलाय. दोन तास एकवीस मिनिटं.
भाऊ नाही. हाक नाही.
शेवटी सगळे एका गोदामात जमतात
आणि गोदाम उडतं.

दसऱ्याला बारा आठवडे आहेत.
तोवर ह्या दुकानात दुसराच सिनेमा चालणार,
रोज थोडा बदलून, विनातिकीट,
आणि तो माझ्यापेक्षा ह्यांनी बरा कापलाय.

"साहेब, तुम्हाला काय वाटतं?"
वस्तरा आता गळ्यावर आला होता.
फेस वाळून कातडी ओढत होती.
"भाऊच असणार," मी म्हणालो.
निनाद ओरडला, "सांगितलं नव्हतं!"
प्रल्हाद हसला, आणि हनुवटीखाली
बारीकसं कापलंच त्याने.
तुरटी लावली. झोंबली.

रात्री मशीन उघडून मी जिना काढला.
आवाज बंद केला.
किटली पडली नाही.
ती वळली तरीही,
आणि मी खुर्चीत सरकून
तिच्या मागे कोण आहे ते बघत राहिलो.