मजकूर तोच

सेलूच्या कोर्टासमोर, रसवंतीला लागून
माझं टायपिंगचं दुकान. पत्र्याचं.
कीबोर्डाचं 'ळ' नीट बसत नाही,
म्हणून कुणाची वेळ, कुणाचं मंगळसूत्र
अर्धवट उमटतं. मग पेनानं भरते.

अकरा वर्षं झाली.
नवीन काही टाईप करावं लागत नाही आता.
जुनी फाईल उघडायची,
नाव बदलायचं, वय, राहणार,
'दीर' असेल तिथं 'मुकादम',
'सर' असेल तिथं 'मामा',
शेत नसेल तिथं संडासची वाट.
मजकूर तोच.
'मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.'
हे वाक्य माझी बोटं झोपेतही
चादरीवर मारतात, असं नवरा म्हणतो.

लज्जा उत्पन्न झाली, असं आजवर
एकही बाई माझ्यासमोर म्हणाली नाही.
म्हणतात, दात आवळून धरले.
म्हणतात, त्या बोअरवर पाण्याला जाईना झाले.
एक म्हणाली, तवापासून
पोटच्या पोराचाबी हात पाठीला लागला
की अंग चोरते मी.
एक बारा वर्षांची. तिची आई बोलत होती,
ती रसवंतीच्या घुंगरांकडं बघत बसलेली.
एवढं सगळं त्या वाक्यात बसत नाही.
वकीलसाहेब म्हणतात, बसवा.

दुसरी फाईल समेटाची.
तिचे प्रिंट जास्त निघतात.
पहिलीसाठी बाया पायी येतात, नाहीतर एसटीनं.
दुसरीसाठी जीप असते.

दैवशाला मानवतच्या जिनिंगवर कामाला.
पहिल्यांदा आली तेव्हा हंगाम चालू होता.
केसांत रुई अडकलेली, चौतीस वर्षांची बाई
साठीची दिसत होती.
सरकीच्या ढिगामागं, म्हणाली. सुपरवायझर.
मशीन चालू होती,
म्या वरडले ते मलाच ऐकू आलं नाही.
हे मी टाईप केलं होतं.
वकीलसाहेबांनी काढलं.

काल ती परत आली, जीपमधून.
दीर पुढं, भाऊ मागं,
मधे ती. केस धुतलेले, काळेभोर.
'पोरीची सोयरीक जमायलीय,' भाऊ म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.
फाईल उघडली, नाव घातलं,
वाचून दाखवलं, दाखवावं लागतं:
'सदर तक्रार मी गैरसमजातून दिली होती.
आता माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही.'

'थांबा बाई,' ती म्हणाली.
'गैरसमज काढा तेवढा.'
दीर म्हणाला, 'त्याला काय हुतंय, कागदच हाय.'
'बाकी सगळं ऱ्हाऊ द्या.
तक्रार नाही लिवा, समेट झाला लिवा,
पैशे घेतले तेबी लिवा,
सही कुठं करू सांगा.
पण मला गैरसमज नव्हता.
मला चांगलं समजलं होतं.'

भाऊ वर पंख्याकडं बघत राहिला.
पंखा बंद होता. लाईट दुपारपासून नव्हती,
इन्व्हर्टर टूं टूं करत होतं.
मी कर्सर त्या शब्दाच्या शेवटाला नेला
आणि मागं मागं येत राहिले,
दहा वेळा, कानामात्रा धरून.
'सदर तक्रार मी दिली होती.'

वाक्य पडलं नाही.
तिनं त्यावरून दोनदा बोट फिरवलं
आणि सही केली, सासरचं-माहेरचं,
बापाच्या नावासकट.

वकीलसाहेब तो शब्द पेनानं घालतीलही,
वर काकपद काढून. त्यांना सवय आहे.

मूळ फाईल मी तशीच सेव्ह केली.

आज अकराला पाथरीकडून जीप आली.
दोघं उतरले.
मग ती.