जाळीमागचं

वास्कोत, सड्यावरचं हे घर आम्ही घेतलं
एका निवृत्त कप्तानाकडून.
त्यानं छताला चिकटून पत्र्याचे हवामार्ग घालून घेतले होते,
जहाजात असतात तसे, खोलीखोलीतून जाणारे.
आम्ही फक्त जाळ्या पुसत आलो,
चतुर्थीच्या आधी, ओल्या फडक्यानं.
मागे काय आहे, विचारलं नाही.

मग ह्यांचा खोकला लांबला.
डॉक्टर म्हणाले, धूळ.
ह्यांनी उशी उचलली नि मागच्या खोलीत गेले,
"तुझी झोप मोडते" म्हणून.
सात महिने झाले त्याला.

बुधवारी चिखलीहून कायतान आला.
स्कूटरला बांधलेला लांब दांड्याचा ब्रश,
मागे व्हॅक्यूमचं धूड कवटाळून भाचा.
स्क्रू काढून करवंटीत ठेवले.
सोफ्यावर चादर, देव्हाऱ्यावर माझी जुनी साडी.
हुमणाचं भांडं मी स्वतः झाकलं, विश्वास नव्हता.

त्यानं डोकं आत घातलं नि आतूनच बोलला,
आवाज चारी खोल्यांतून आला:
"बाये, हांगा आख्खें बंदर आसा!"

वर्तमानपत्रावर त्यानं एक तुकडा ठेवला,
वडी कापून ठेवावी तसा.
खाली तांबडा थर,
खनिजाच्या बार्जी चालायच्या तेव्हाचा, कप्तानाच्या काळातला.
वर जरासा पांढरा,
नणंदेच्या लग्नाला भिंती घासल्या होत्या.
त्याच्या वर काळा, चकचकीत,
धक्क्यावरचा कोळसा, बोटाला काजळासारखा.
तोच सगळ्यात जाड.

आणि पालीचा सांगाडा,
माटोळीच्या शिपट्यातली एक सुपारी, उंदरानं नेलेली,
नि माझ्या कुड्याची फिरकी,
जिच्यासाठी मी चंद्रावतीला एकदा नको ते बोलले होते.
तिला सांगायला हवं.
ती आता वेर्ण्याला असते.

तीन तास. पाच बादल्या. साडेचार हजार.
ह्यांनी चारात बसवून पाहिलं.
कायतान हसला, "मास्क म्हज्या पयशांचो, पात्रांव."
भाच्याला मास्क नव्हता.
त्याला मिशी फुटली होती,
सकाळी नव्हती ती.
पूर्ण पैसे दिले.

रात्री मशीन लावलं. धाप न लागता चाललं.
हवेला वास नव्हता.
आधी होता, हे तेव्हा कळलं.
दिवा घालवला तर जाळीतून
मागच्या खोलीतले आवाज आले, अगदी उशाशी:
गोळीचं पाकीट फाटलं,
पाण्याचा घोट, चष्म्याची डबी.
मग स्वतःशीच उद्याचा बाजार:
तिसऱ्या, कोथिंबीर, बल्ब.

मी जाळीकडे तोंड करून हळूच म्हटलं,
"तिसऱ्या नकोत. पित्त होतं तुम्हाला."
बराच वेळ काही नाही.
मग पत्र्यातून,
"झोपली नाहीस?"

सकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं.
काळं. वारा बंदराकडूनच आहे.
जाळीच्या मागे चिकटपट्टीवर तारीख लिहिली,
स्क्रू दोनच लावले.
दोन करवंटीत ठेवलेत.