दीड पान

मार्व्याच्या तरीतून उतरले तेव्हा ओहोटी होती.
मनोरीत इनास कोलासोची शेड
आधी नाकाला सापडली, मग डोळ्यांना.
डोळे चुरचुरले. अमोनिया, मी लिहिलं.
सुकटीचा वास असंल, बाय, तो म्हणाला.
त्यावर आम्ही दोघं थोडा वेळ
खाडीकडे बघत राहिलो.

वीस बाय तीस. टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं त्याच्या बायकोकडे, नाताळीनकडे.
सहाशे चौरस फूट. टर्की दोनशे.
भागाकार तोंडी होण्यासारखा,
तरी मी कागदावर केला,
म्हटलं, बघू काही बाकी उरते का.

तीन म्हंजे केवढं? नाताळीनने विचारलं.
पिशवीतलं वर्तमानपत्र काढून मी जमिनीवर पसरलं,
एक पान सबंध, दुसरं मधोमध दुमडून.
इनासने एक नर उचलून त्यावर ठेवला.
छाती मावली. पाय मावले.
विरारच्या फ्लॅटची जाहिरात पूर्ण झाकली गेली.
शेपटी मात्र पानाबाहेर, भुशात.
वळायचं झालं तर
शेजाऱ्याने आधी वळायला हवं.

जुलैत आनली तवा
सगळी दोनशे त्या कोपऱ्यात, बल्बखाली मावायची,
इनास सांगत होता.
वाटायचं, केवढी जागा फुकट चालली.
तो खोटं बोलत नव्हता.
शेडनेही कुणाला फसवलं नव्हतं,
जुलैत होती तेवढीच ती नोव्हेंबरात होती.
पक्षी वाढले. तेच तर त्यांचं काम,
बांद्र्याहून आगाऊ पैसे त्याचेच आलेले.

एकेक उलटा धरून तळपाय बघितले.
रुपयाएवढे काळे व्रण. भाताच्या तुसाची
ओली पापडी झालेली.
चोची लहानपणीच बोथट केलेल्या, तरीही
पाठीवरची पिसं उपटलेली, आणि प्रत्येक जखमेवर
हळद. रोज लावते, नाताळीन म्हणाली,
तिसरा डबा चाललाय.
अंधाऱ्या शेडमध्ये पिवळ्या पाठी
हळदीच्या दिवशी घरात कोंडलेल्या
पाहुण्यांसारख्या.

पुस्तकात पाच फूट आहेत, मी म्हटलं.
म्हणजे एकशेवीस.
आनि ऐंशी कुठं ठेवू, बाय?
पुस्तकात?

मी उत्तर दिलं नाही. तोच नर काखेत घेऊन
बाहेर आले, बोंबलाच्या वलांडीखाली
वाळूवर सोडला.
चहूकडे मोकळं. समुद्रापर्यंत मोकळं.
तो हलला नाही.
पान आत राहिलं होतं,
तो दीड पानावरच उभा होता.

डोकं निळं होतं ते पांढरं झालं, मग लाल.
कुठला रंग कशाचा, हे मी परीक्षेत लिहिलंय,
पूर्ण गुण मिळालेत.
समोर उभं राहून सांगता येईना.

देवळाची बाराची घंटा झाली.
त्याने मान पुढे टाकून हाक दिली,
आणि बंद शेडमधून एकशेनव्याण्णवांनी
ती उचलली. पत्रा थरथरला.
मग त्याने एक पंख उघडला,
सावकाश, गंजलेल्या बिजागरीसारखा,
टोक इनासच्या गुडघ्याला लागलं.
इनास एक पाऊल मागे सरला.
मग, कुणी न सांगता, आणखी एक.

मी रकान्यात पेन टेकवलं होतं
तेवढ्यात नाताळीन पडवीतून
जुनं डोलीचं जाळं ओढत आली.
बांबू हाईत, म्हणाली, हितून घेरू.
आनि बोंबील? इनास ओरडला. बोंबील कुठं सुकवू?
ती त्याच्याकडे न बघता
टेपचं टोक धरून वाळूत चालत निघाली,
दहा फूट, वीस,
फिरकी माझ्या हातात गरगरत होती.
सांग, ती लांबून म्हणाली,
कुठवर?

एकची तर धक्क्याला लागत होती.
टेप पन्नास फुटांची आहे.