आडनावाचा रकाना

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
सोसायटीचं ऑफिस. एक पंखा, एक खिडकी,
खिडकीत बोटभर सुवर्णदुर्ग.
एकोणीस वर्षं मी इथे वही लिहिते:
बोट, नाखवा, तांडेल, डिझेल,
आणि तळाला खलाशी:
बहादूर, बहादूर, बहादूर मोठा, बहादूर टोपीवाला.

कुणी काही म्हटलं नाही कधी.
पगाराच्या दिवशी एकेक बहादूर पुढे येतो,
अंगठा उठवतो,
आमच्या पोरांना मिळायचं त्याच्या निम्मं मोजून घेतो.
आमची पोरं आता बोटीवर चढत नाहीत.
ती ठाण्याला मॉलच्या काचेच्या दाराशी उभी असतात
निळ्या गणवेशात, आणि लोक त्यांना
ए सिक्युरिटी म्हणतात.

यंदा कार्ड निघालं.
फोटो, बोटांचे ठसे, पूर्ण नाव.
कार्ड नाही तर दर्या नाही.
इसहाक नाखव्याने चौघांना आणून उभं केलं
आणि म्हणाला, लिही गो कायपण,
सगळे सारखेच दिसतात.

मग चहा येईस्तोवर त्याने कुवेत काढलं.
दरवर्षी काढतो.
शुवैखच्या धक्क्यावर अकरा वर्षं क्रेन चालवली.
शेजारच्या क्रेनवर इंग्लंडचा लाल मानेचा एक,
तोच लिव्हर, तेच ऊन, पगार पाचपट.
लेबनॉनवाल्याला तीनपट.
"कामाचे पैसे नव्हते गो ते, पासपोर्टाचे होते."
आणि नाव तर कुणी विचारलंच नाही.
हिंदी, बंगाली, पाकिस्तानी, सगळे रफीक.
रफीक म्हणजे मित्र.
"अकरा वर्षं मित्र म्हणून हाका मारल्या,
एकदा जेवायला बसवलं नाही."

त्याचे डोळे खरंच भरले.
ते पुसून तो दाराकडे वळला:
ए बहादूर, चहाचं काय झालं बघ.

चौघेही वळले.

मला हसू आलं नाही.
दापोलीच्या हॉस्टेलात माझी पेटी
व्हरांड्यात ठेवायला लावली होती, वास येतो म्हणून.
पेटीत पुस्तकं होती.
ते माझ्या रंगामुळे, की आईच्या टोपलीमुळे,
की माझी फी माफ होती म्हणून,
मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.
खेकडा जाळ्यात गुंतला की
कुठला धागा कुठल्या नांगीला, कळत नाही.
जाळं कापावं लागतं. माणसं बहुतेक नांगी मोडतात,
जाळं महाग असतं.

आणि तरी वहीतलं अक्षर माझंच आहे.
बहादूर. गोल, सुवाच्य.

नाव? मी विचारलं.
लोकेंद्र शाही.
रामफल चौधरी. थारू, असंही तो म्हणाला,
लिहायचं होतं की नुसतं सांगायचं, कळलं नाही.
तिसऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, पद्मराज रोकाया,
माझ्यापेक्षा बरं.
चौथा म्हणाला, जनक.
पुढे?
तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिला.

बाकीचे चहा आणायला उतरले तेव्हा बोलला,
हिंदी त्याची मोडकी, माझीही.
दीदी, आडनाव नको.
गावात आम्ही कामी. लोहार.
पाण्याच्या धारेवर आमची घागर शेवटी.
शाहीच्या जातवाल्यांच्या उंबऱ्याआड
माझा बाप कधी गेला नाही.
शाही दुसऱ्या जिल्ह्याचा, त्याला ठाऊक नाही.
इथे तो आणि मी एका ताटात जेवतो,
वारं सुटलं की एका ताडपत्रीखाली झोपतो.
नाखव्याला आम्ही सगळे बहादूर, म्हणून.
कार्डावर आडनाव आलं
तर शाहीला वाचता येतं.
बहादूरच लिहा.

खाली वाळूत लिलाव सुरू झाला होता.
कुणीतरी पापलेटचे भाव ओरडत होतं.
मी रकाना रिकामा सोडून पुढचं बटण दाबलं.
लाल चौकट आली.
एकदा माझंच आडनाव टाकून पाहिलं, खोडलं.
परत लाल चौकट.

झालं का गो? नाखवा विचारतो.
बसा, म्हटलं, चहा घ्या.
सर्व्हर डाउन आहे.