बत्तीस टक्के सूट

बाराला सूट संपते. आत्ता अकरा वाजून दहा.
दोन पंख्यांचं, एकोणीस आसनांचं विमान,
किंमत चार हजार दोनशे,
आणि त्यातली सगळी बटणं, म्हणे, खरंच दाबली जातात.

माझ्या फुकटच्या विमानात निम्मी नुसती रंगवलेली.
सहा वर्षं तेच उडवतोय, धानोरीतून,
जॉयस्टिकच्या बुडाला चिकटपट्टी लावून.

शाल्मली उद्याच्या डब्याची भेंडी पुसत होती.
"बसता येत नाही, कुठे पोचवत नाही,
आणि चार हजार?
तेवढ्यात गोव्याचं खरं तिकीट येतं."
बरोबर आहे.
पण त्या तिकिटात खिडकीसुद्धा
जादा पैशांशिवाय मिळत नाही.
वायपर तर लांबच.

हो, वायपर.
या विमानाला वायपर आहेत
आणि ते जरा कुरकुरतात.
व्हिडिओतला तेवढाच तुकडा मी अकरा वेळा पाहिला.

शेवटी जुनंच बाहेर काढलं. लोहगाव, धावपट्टी दहा.
वाघोलीवर डावीकडे वळलो,
धानोरीवर आलो, खाली वाकून पाहिलं.
आमची इमारत तिथे नाहीच.
एक झाड आहे. चिंच असावी.
चौथ्या मजल्याच्या उंचीवर थोडी पानं हलत होती.

तेवढ्यात छपरावरून खरं गेलं.
बशीतला चमचा वाजला.
"घेतलंस का?" आतून आवाज.
"उतरतोय," म्हटलं, "आत्ता बोलू नकोस."

अकरा अठ्ठावन्न.
चाकं अजून टेकायची होती.